एनआयसीयूतला (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातला) मॉनिटर: नव्या सिस्टर्सनो, या चुका टाळा

अलार्म वाजला की नव्या सिस्टरचा हात आधी आवाज बंद करायला जातो. तो आधी बाळाकडे जाऊ दे. छाती हलतेय का, ओठ निळे पडलेत का, पाय गार आहेत का, हे बघायला पाच सेकंद पुरतात.

सगळ्यात जास्त घोळ सॅच्युरेशनच्या (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) प्रोबचा, म्हणजे तळपायाला बांधायच्या सेन्सरपट्टीचा. आकडा 78 आणि बाळ गुलाबी, शांत झोपलेलं. लगेच ऑक्सिजन वाढवू नका. वेव्ह, म्हणजे स्क्रीनवरची नाडीची लाट, वेडीवाकडी असेल किंवा स्क्रीनवरची नाडी स्टेथोस्कोपने मोजलेल्या ठोक्यांशी जुळत नसेल, तर आकड्यावर विसंबू नका. तळपायावर प्रोबचा दिवा आणि सेन्सर अगदी समोरासमोर हवेत. पाय गार असेल तर ऊब द्या, फोटोथेरपी (काविळीसाठीचा निळा प्रकाश) चालू असेल तर प्रोब कापडाने झाका. पण वेव्ह स्वच्छ आहे आणि ठोकेही जुळताहेत, तर बाळ गुलाबी दिसलं तरी आकडा खराच माना. प्रोब करकचून बांधू नका. दर तीन-चार तासांनी जागा बदला. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते.

त्याच बाळाला ऑक्सिजन चालू असताना 100 दिसलं की आईबाबा खूश होतात. आपण होऊ नये. जास्त ऑक्सिजनने डोळ्याच्या पडद्याला इजा होते, त्यालाच आरओपी म्हणतात. सॅच्युरेशन 90 ते 95 मध्ये ठेवा आणि वरचा अलार्म 95 वर लावा. तो कटकट करतो म्हणून बंद करणं ही मला सर्वात मोठी चूक वाटते. साध्या हवेवरच्या बाळाला 100 चालतं.

श्वास पूर्ण मिनिटभर मोजा. नवजात बाळ मध्येच पाच-दहा सेकंद थांबतं, त्यामुळे पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर हिशोब चुकतो. मॉनिटरला फक्त छातीची हालचाल कळते. मान पुढे दुमडून श्वासमार्ग बंद झाला तरी छाती धडपडते आणि स्क्रीनवर श्वास दिसत राहतो. श्वास 20 सेकंद थांबला, किंवा त्याआधीच ठोके 100 च्या खाली आले, तर मान सरळ करा, पाठ चोळा आणि डॉक्टरांना हाक मारा. तरीही श्वास नाही आला तर बॅग-मास्कने, म्हणजे तोंडावर मास्क धरून पिशवी दाबत, श्वास द्या.

एका रात्रपाळीत पहाटे एक बाळ लालबुंद झालेलं दिसलं. वॉर्मरचा (बाळाला ऊब देणाऱ्या यंत्राचा) स्किन प्रोब, म्हणजे त्वचेचं तापमान मोजणारा सेन्सर, पोटावरून सुटून चादरीवर पडला होता. यंत्राला बाळ गार वाटत होतं, म्हणून ते ऊब वाढवत होतं आणि बाळ तापत चाललं होतं. काखेत थर्मामीटर लावला तर 38.4. तेव्हापासून मी दर फेरीला आधी तो चिकटपट्टीचा तुकडा बोटाने दाबून बघते.