हिमबिबट्याचा फोटो काढायला लडाखला निघालात? या चुका टाळा

ताडोब्यात मोहर्लीच्या गेटवर पहाटे जिप्सीत बसायची सवय असलेल्या माणसाला लडाखच्या डोंगरात पहिल्या दिवशी काही सुचतच नाही. चितळाचा कॉल येत नाही, वानर खाकरत नाही, पाणवठ्यावर थांबायची सोय नाही. समोर करडा-तपकिरी उभा डोंगर, मधूनमधून बर्फाचे पट्टे, आणि त्यात कुठेतरी अगदी त्याच रंगाचं जनावर. मी फेब्रुवारीत दोनदा गेले. पहिल्या खेपेला आठ दिवसांतले चार वाया गेले. त्यातला एक कॅमेऱ्यामुळे गेला. बाकीचे तीन मी मुंबईत बसून कार्यक्रम ठरवतानाच गमावले होते.

थंडीतच का जायचं, हा प्रश्न घरचे विचारतातच. जानेवारी ते मार्च हा हिमबिबट्यांचा जोडीचा काळ. नर-मादी जास्त फिरतात, कड्यांवर गंधाच्या खुणा करतात, सांजसकाळी साद घालतात. वर बर्फ साचला की भरल (डोंगरातली रानमेंढी) आणि आयबेक्स (रानबोकड) चाऱ्यासाठी खाली गावांच्या बाजूला येतात आणि त्यांच्यामागे हा येतो. २०२४ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या देशव्यापी गणनेत भारतात ७१८ हिमबिबटे धरले आहेत, त्यातले ४७७ एकट्या लडाखमध्ये. म्हणून बहुतेक सहली हेमिस राष्ट्रीय उद्यानातल्या रुंबक गावाला किंवा उद्यानाबाहेरच्या उल्ले गावाला जातात. हिमाचलच्या स्पितीत किब्बर आहे, तेही उत्तम. पण मी लडाखबद्दलच लिहिते, कारण ते मी पाहिलंय.

लेहला उतरलो की लगेच डोंगरात

ही सगळ्यांत मोठी चूक, आणि ती आपली धडधाकट ट्रेकर मंडळीच जास्त करतात. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. लेहचा विमानतळच जवळजवळ ३,२५० मीटरवर आहे. म्हणजे विमानाचं दार उघडतं तेव्हा तुम्ही जवळजवळ दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्याएवढ्या उंचीवर उभे असता, आणि दर श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या साधारण दोन तृतीयांश. राजगड-तोरणा एका दिवसात केलाय म्हणून विरळ हवा सूट देत नाही. उलट तब्येतीचा माणूस भराभर चालतो आणि आधी आडवा होतो.

आमच्या आयोजकाने लेहमध्ये एकच रात्र ठेवली होती. मला ते बरंच वाटलं, डोंगरात एक दिवस जास्त मिळणार म्हणून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चार हजार मीटरच्या आसपासच्या गावात पोचलो आणि रात्री डोकं असं ठणकायला लागलं की उशी नकोशी झाली. पुढचे तीन दिवस मी होमस्टेच्या खोलीत पडून. घरच्या आमा-ले (लडाखीत आईला आमा म्हणतात) दर तासाला गरम पाण्याचा थर्मास आणून ठेवत आणि एक पेला संपवल्याशिवाय हलत नसत. बाकीच्यांना त्याच दिवसांत समोरच्या धारेवर मादी दिसली.

लेहमध्ये किमान तीन रात्री हव्यात. पहिला दिवस अक्षरशः झोपून काढा. बाजारसुद्धा नको. दुसऱ्या दिवशी सपाटीवर थोडं फिरा. तिसऱ्या दिवशी गाडीने शे-ठिकसेकडे जाऊन या. डोकेदुखी असेल तर वर जायचं नाही, हा नियम कुणासाठीही मोडू नका. दारू आणि झोपेच्या गोळ्या बंद. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, आणि सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. बसल्या जागी दम लागणं, खोकला वाढत जाणं, सरळ रेषेत पावलाला पाऊल लावून चालता न येणं ही लक्षणं दिसली की रात्र काढायची नाही. ऑक्सिजन लावायचा आणि तडक खाली उतरायचं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर गार बोटाने भलतेच आकडे येतात. आधी हात काखेत धरून ऊब आणा, मग मोजा.

पाण्याचं मोकळेपणाने सांगते, कारण सहलीच्या माहितीपत्रकात हे नसतं. रात्री उणे वीस अंशांत बाहेरच्या शौचालयात जायला नको म्हणून आपण बायका दुपारपासूनच पाणी तोडतो. त्याने डोकेदुखी वाढते आणि थंडीही जास्त वाजते. दिवसभर भरपूर प्या, संध्याकाळी थोडं कमी करा आणि रात्रीसाठी हेडटॉर्च व मोठं जॅकेट दाराशीच ठेवा. बाटली पिशवीत उलटी ठेवा. पाणी वरून गोठत येतं, म्हणजे झाकणाकडची बाजू मोकळी राहते.

‘नक्की दिसेल’ म्हणणाऱ्याला पैसे

नक्की दिसेल असं कुणीही म्हणू शकत नाही. पैसे भरण्याआधी चार-पाच गोष्टी थेट विचारा: लेहमध्ये किती रात्री आहेत, डोंगरात किती (सहापेक्षा कमी असतील तर विचार करा), गटात किती जण, त्यांच्यामागे गावातले स्पॉटर (जनावर शोधून दाखवणारे) किती आणि स्कोप (तिपाईवरची मोठी दुर्बीण) किती, ऑक्सिजनचा सिलिंडर मुक्कामी असतो का, राहायचं गावातल्या घरात की बाहेरून आणलेल्या तंबूत. शेवटचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. हिमबिबट्या गोठ्यात शिरला तर एका रात्रीत कितीतरी मेंढ्या मारतो, आणि पूर्वी त्याचा राग थेट त्याच्यावर निघायचा. होमस्टेमुळे त्याच जनावरामुळे घरात चार पैसे येऊ लागले. आपण दिलेले पैसे त्या घरात पोचत नसतील तर आपल्या फोटोला अर्थ काय?

स्कोपकडे पाठ, कॅमेऱ्याला डोळा

आपण सहाशे मिलिमीटरची लेन्स घेऊन जातो आणि दुर्बीण घरी ठेवतो. इथे जनावर तीनशे मीटरवर असेल तर नशीब. बऱ्याचदा ते किलोमीटरभर लांब असतं. कॅमेऱ्यातून डोंगर चाळता येत नाही, डोळे शिणतात. साधी आठ किंवा दहा पटीची दुर्बीण गळ्यात हवीच.

स्पॉटर कसं बघतात ते शिकण्यासारखं आहे. आमच्याबरोबरचे आचो-ले (लडाखीत थोरल्या भावाला आचो म्हणतात) आधी आकाशाला लागलेली धार पाहायचे, मग कड्यांच्या पायथ्याच्या सावल्या, मग भरल. चरणारे भरल त्यांना नको असायचे. सगळा कळप माना वर करून एकाच दिशेला बघत थिजलेला दिसला की स्कोप तिकडे वळायचा. कावळे आणि मॅगपाय एका जागी गोळा झाले तर तिथे शिकार पडलेली असण्याची शक्यता.

एका सकाळी त्यांनी मला स्कोपला डोळा लावायला सांगितलं. ‘दोन काळ्या दगडांच्या मधे.’ मी पाहिलं, दगडच होते, तीन. मी म्हटलं, काही नाही आचो-ले. ते म्हणाले, बघत राहा. एक मिनिटभराने मधल्या दगडाला कान फुटले. मग त्याने मान वळवली आणि हातभर जाड शेपूट नाकावरून ओढून घेतली. मी श्वास धरला होता हे मला नंतर कळलं. ‘शान’, ते हळूच म्हणाले. लडाखीत त्याचं नाव ते.

गरम स्वयंपाकघरात थंड कॅमेरा

चौथा दिवस मी असा घालवला. संध्याकाळी उणे पंधरातून आले आणि फोटो दाखवायच्या उत्साहात कॅमेरा गळ्यात घालूनच चुलीपाशी जाऊन बसले. पाच मिनिटांत लेन्सवर घाम. पुसला, पुन्हा आला. रात्री तसाच पिशवीत टाकला, पहाटे बाहेर काढला तर आतल्या काचेमागची वाफ गोठून पांढरी जाळी झालेली. दुपारपर्यंत काहीही टिपता आलं नाही.

बाहेर असतानाच कॅमेरा-लेन्स मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, सिलिका जेलच्या पुड्या आत टाका, मग ती बॅगेत ठेवून आत न्या आणि दोन-तीन तास उघडू नका. कार्ड आणि बॅटरी हवी असेल तर आत जाण्याआधीच काढून घ्या. सगळ्यांत सोपं म्हणजे कॅमेरा बिनगरम खोलीतच ठेवायचा, फक्त बॅटऱ्या स्लीपिंग बॅगमध्ये आपल्याबरोबर घ्यायच्या.

बॅटरी थंडीत लवकर मान टाकते, पण बहुतेक वेळा संपलेली नसते. आतल्या खिशात अंगाशी ठेवा, उबेला आली की पुन्हा थोडी चालते. चार तरी हव्यात, दोन अंगाशी, एक कॅमेऱ्यात, एक चार्जवर. शून्याखाली गारठलेली लिथियम बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, ती कायमची बिघडते. विमानात सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच. चेक-इन बॅगेत चालत नाहीत.

फोटो राखाडी येतायत? कॅमेरा पांढऱ्या बर्फाला मध्यम करडा समजून उजेड कापतो. बर्फ जास्त असेल तर एक्स्पोजर (कॅमेरा घेतो तो उजेड) एक ते पावणेदोन स्टॉप वाढवा आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा. पण जनावर उघड्या खडकावर असेल तर ते पुन्हा शून्याच्या जवळ आणायला विसरू नका. मी विसरले होते आणि अंगावरचे ठिपके पार धुऊन निघाले.

फोकस बरोबर असूनही फोटो मऊ येत असेल तर लेन्सला दोष देऊ नका. ऊन पडल्यावर खडक तापतात, वर बर्फ गार, मधली हवा लहरते, आणि पाचशे मीटर हवेतून बघताना ते सगळं फोटोत उतरतं. यावर कुठलंही सेटिंग नाही. ऊन यायच्या आधीची आणि उतरतीची वेळ धरा, दहा-वीस फोटोंचे सलग बर्स्ट घ्या, एखादा निघतो. गरम गाडीतून लेन्स काढली असेल तर तिला निवायला वीस मिनिटं द्या, आणि गाडीच्या खिडकीतून तर शूट करूच नका. वाऱ्यात ट्रायपॉडला बॅग लटकवताना ती जमिनीला टेकू द्या. अधांतरी झुलली तर ट्रायपॉड जास्तच हलतो.

काही झटपट गोष्टी

पाय गार पडतात म्हणून एका बुटात जाड मोज्यांच्या दोन जोड्या कोंबू नका, रक्तच फिरत नाही. बूट एक साइज मोठे घ्या. अंगाशी सुती कपडा नको, घाम आला की तो बर्फासारखा होतो. बसायला फोमचा तुकडा न्या. गॉगलशिवाय बर्फात एक दिवसही काढू नका, आणि सनस्क्रीन नाकाच्या खालच्या बाजूलाही लावा, कारण ऊन खालूनही येतं. बंद खोलीत बुखारी (खोली गरम करायची शेगडी) पेटती ठेवून झोपू नका. आपल्याकडचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं. लेहची विमानं हवामानामुळे रद्द होतात, तेव्हा परतीच्या पुढचा एक दिवस मोकळा ठेवा.

शिकारीवर गर्दी

हे मी शेवटी लिहितेय, पण माझ्या मनात हे पहिलं आहे. हिमबिबट्याने भरल मारला की तो तीन-चार दिवस तिथेच असतो. बातमी एका फोनवर पसरते. पहिल्या खेपेला पाचव्या दिवशी आम्ही अशा ठिकाणी पोचलो तेव्हा रस्त्यावर गाड्यांची रांग होती, दारं आपटत होती, आणि दोघे-तिघे ‘अजून थोडं जवळ’ करत नाल्यात उतरले होते. नर शिकारीपासून उठला, धारेपलीकडे गेला आणि अंधार पडेपर्यंत आला नाही. मीही तेव्हा थोडी पुढे सरकले होते. त्याला उणे वीसमध्ये पुढची शिकार पुन्हा उभ्या कड्यावर करावी लागणार होती, एवढा साधा विचार मला त्या क्षणी सुचला नाही.

दुसऱ्या खेपेला असंच झालं. यावेळी आचो-लेंनी आम्हाला समोरच्या उतारावर, बऱ्याच लांब बसवलं. उभं राहायचं नाही, बोलायचं नाही, ड्रोनचा तर विषयच नाही. मादी कड्याच्या कपारीत होती, शिकार खाली उघड्यावर. साडेतीन तास काही घडलं नाही. हात बधिर झाले, एकाचा थर्मास संपला. ऊन धारेवरून उतरलं तशी ती उठली, लांब आळस दिला, आमच्याकडे एकदा पाहिलं आणि खाली येऊन खायला बसली. फोटोत ती लहानच आहे, भोवती डोंगरच जास्त. अंधार झाल्यावर आचो-लेंनी स्कोपचे पाय मिटले आणि म्हणाले, ‘पोट भरलं नाही तिचं, उद्याही इथेच असेल.’ सकाळी सात वाजता ती तिथेच होती.