नाळीची भाजी घरच्या टबात कशी लावावी आणि कशी शिजवावी

नाळीची भाजी ही तळ्याकाठी आणि भातखाचरांच्या कडेला पसरणारी, रताळ्याच्या कुळातली वेल आहे. तिची काडी नळीसारखी पोकळ असते व त्या पोकळीतल्या हवेमुळेच ती पाण्यावर तरंगते. बंगालमध्ये तिला कलमी शाक म्हणतात, तर इंडोनेशिया आणि मलेशियात ती कांगकुंग या नावाने रोजच्या जेवणात असते.

ही भाजी सांडपाण्यावर जोमाने वाढते आणि त्या पाण्यातले शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू शोषून घेते. धातू धुऊन जात नाहीत, शिजवूनही जात नाहीत; त्यामुळे नाल्याकाठची हिरवीगार भाजी खुडण्यापेक्षा ती घरी टबात लावणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. शिवाय अशाच ओलसर जागी तिची नातलग असलेली विषारी बेशरमही माजलेली असते आणि दोघींची फुले जवळजवळ सारखी दिसतात. बेशरमीचे खोडही पोकळच असल्याने केवळ काडी मोडून ओळख पटवू नये. बेशरमीचे झुडूप ताठ उभे राहते आणि त्याचे खोड पुढे लाकडासारखे होते. नाळी मात्र लुसलुशीत असते, आडवी पसरते आणि तिला प्रत्येक पेरावर मुळे फुटतात.

लागवडीसाठी बियाणे शोधत बसण्याची गरज नाही. बाजारातून ताजी जुडी आणावी, कोवळे शेंडे भाजीला घ्यावेत आणि खालच्या जाड काड्यांचे तीन-चार पेरांचे तुकडे करून पेल्यातल्या पाण्यात उभे ठेवावेत. काही दिवसांतच पाण्यात बुडालेल्या पेरांवर पांढऱ्या मुळांचे झुबके दिसू लागतात. तळाला भोक नसलेल्या पसरट टबात साधारण 15 सेंटिमीटर थर होईल इतकी गाळाची माती आणि चांगले कुजलेले शेणखत घालावे, त्यात दोन पेरे गाडली जातील अशा बेताने तुकडे तिरपे खोचावेत आणि पहिला आठवडा माती केवळ चिखलासारखी ओली ठेवावी. वेल धरल्यावर चार-पाच सेंटिमीटर पाणी उभे राहू द्यावे. साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात, म्हणून टबात गप्पी मासे सोडावेत. ते जमत नसेल तर पाणी उभे न ठेवता माती सतत ओलीच्चिंब राखावी, तेवढ्यानेही भाजी चांगली येते. तिला भरपूर ऊन आणि उबदार हवा लागते, त्यामुळे उन्हाळा संपता संपता लावलेली वेल पावसाळाभर भाजी देते आणि थंडीत मंदावते.

काड्या वीतभर वाढल्या की खुडायला सुरुवात करावी. वेल उपटू नये. बुडाशी दोन पेरे ठेवून वरची काडी कापावी, म्हणजे त्या पेरांच्या बगलेतून नवे फुटवे येतात. नखाने सहज तुटते तेवढीच काडी कोवळी समजावी.

ही भाजी कच्ची खाऊ नये. पाणवनस्पतींच्या पानांना आतड्यातल्या एका चपट्या कृमीची सूक्ष्म पुटी चिकटलेली असू शकते. ती शिजवल्यावर मरते. भाजी तीन-चार पाण्यांतून धुऊन काड्या आणि पाने वेगळी करावीत. तेलात ठेचलेला भरपूर लसूण आणि हिरवी मिरची परतून आधी भिजवलेली मुगाची डाळ आणि काड्या घालाव्यात व पाण्याचा हबका मारून वाफ आणावी. डाळ बोटाने दाबल्यावर मोडली की पाने घालून मोठ्या आचेवर दोन मिनिटे परतावे. या वेळी झाकण ठेवू नये, नाहीतर पाने काळपट पडतात. मीठ शेवटी घालावे, कारण ढीगभर दिसणारी पाने आळून मूठभर होतात आणि आधी घातलेल्या मिठाचा अंदाज हमखास चुकतो. मलेशियात हीच भाजी आंबवलेल्या कोळंबीच्या गोळ्याबरोबर परततात. आपल्याकडे डाळीऐवजी भाजलेला सुका जवळा घातला, तर तिला तसाच खमंग वास येतो.

अमेरिकेतील वाचकांनी मात्र लावण्यापूर्वी आपल्या राज्याचे नियम पाहावेत, कारण तेथे ही वेल केंद्र सरकारच्या घातक तणांच्या यादीत आहे.