‘हून’, ‘तून’, ‘मुळे’ : ‘कुठून आलं’ हे इंग्रजीत सांगताना

गोव्यातल्या फोंडा महालातल्या एका देवस्थानासाठी मी माहितीच्या बोर्डाचा मराठी मजकूर इंग्रजीत करून दिला होता. मूळ वाक्य साधं होतं, ‘देवी साष्टीहून येथे आली’. साष्टी म्हणजे गोव्यातलाच साल्सेट तालुका. मी लिहिलं, ‘द डेइटी ओरिजिनेटेड फ्रॉम साल्सेट’. बोर्ड रंगवून झाला, भिंतीला टेकवून वाळत ठेवला. समितीतले एक काका, जन्मभर शाळेत शिकवलेले, वाकून वाचू लागले आणि थांबले. म्हणाले, ‘‘बाय, देवीचा उगम साष्टीत झाला असं लिहिलंस गो तू. उगम नदीचा होतो. देवीला लोकांनी तिथून इथं आणलं.’’

बोर्ड पुन्हा रंगवावा लागला. त्या रात्री मला झोप आली नाही, कारण मराठीत तो फरक मला क्षणात कळला असता. ‘देवीचा उगम’ असं माझ्या तोंडून कधीच आलं नसतं. मग इंग्रजीत हात का घसरला? तेव्हापासून मी एक पद्धत धरली आहे. संध्याकाळी घरी येणाऱ्या मुलांनाही तीच शिकवते.

आपण मराठीत बहुतेक सगळं काम ‘येणे’ आणि ‘निघणे’ या दोन क्रियापदांवर भागवतो. फरक दाखवतो तो त्यांच्या आधीच्या शब्दाच्या शेपटीला : घरून, घरातून, घरापासून, घरामुळे. इंग्रजीत हे सगळं एकट्या ‘फ्रॉम’वर येऊन पडतं, म्हणून बारकावा सांभाळायचं काम क्रियापदाला करावं लागतं. तेव्हा शब्दकोश उघडण्याआधी मराठी वाक्य कागदावर लिहा आणि त्या शेपटीखाली रेघ मारा.

शेपटी ‘हून’ असेल तर बहुधा ‘कम फ्रॉम’ पुरतं. पण काळ सांभाळा. ‘मी म्हापशाहून आलो’, म्हणजे आत्ता बसने आलो, तर ‘आय केम फ्रॉम म्हापसा’. ‘मी म्हापशाचा’, म्हणजे माझं गाव ते, तर ‘आय कम फ्रॉम म्हापसा’, साधा वर्तमानकाळ. मुलाखतीत ‘व्हेअर डू यू कम फ्रॉम’ असं विचारलं तर गाव सांगायचं, सकाळी कोणत्या स्टँडवरून बस धरली ते नाही. आपल्याकडे सर्रास ऐकू येणारं ‘आय बिलाँग टू पेडणे’ मी मुलांना खोडायला लावते. ‘आम्ही पेडण्याचे’ यातला ‘चे’ फार प्रेमाचा आहे, पण ‘बिलाँग टू’ ऐकून बाहेरच्या माणसाला मालकी किंवा सभासदत्व आठवतं. ‘हेल फ्रॉम’ चालतं, पण ते सत्कार समारंभातल्या परिचयाला शोभतं. आजीला पत्र लिहिताना नको.

‘मूळचं’ हा शब्द आला की मगच ‘ओरिजिनेट’. लॅटिनमध्ये त्याच्या मुळाशी उगवणे, वर येणे असा अर्थ आहे. म्हणजे जिथं ती गोष्ट पहिल्यांदा अस्तित्वात आली ती जागा. काजूचं उदाहरण घ्या. तीन वाक्यं लिहा : हे काजू सत्तरीहून आले. काजूचं झाड मूळचं ब्राझीलचं. ‘काजू’ हा शब्द पोर्तुगीजवरून आला. पहिल्याला ‘कम फ्रॉम’. दुसऱ्याला ‘ओरिजिनेटेड इन’ किंवा ‘इज नेटिव्ह टू’. जागेच्या आधी ‘इन’ बसतं हे लक्षात असू द्या, आणि कल्पना एखाद्या माणसाची असेल तर ‘ओरिजिनेटेड विथ’. तिसऱ्याला मात्र ‘डिराइव्ह्ज फ्रॉम’. पोर्तुगीजांनी 16व्या शतकात ते झाड इकडे आणलं. त्यांचा शब्दही ब्राझीलमधल्या तुपी भाषेतल्या ‘अकाजू’वरून घेतलेला. एकाच बोंडूभोवती तीन वेगळी ‘येणी’ आहेत.

या ‘डिराइव्ह’वर माझा विशेष जीव आहे. त्याच्या पोटात ‘रिव्हस’ हा लॅटिन शब्द आहे, म्हणजे ओहोळ. ओहोळाचं पाणी वळवून घेणे हा त्याचा जुना अर्थ. आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, मी हेच रोज बघते. वरच्या व्हाळाचं पाणी पाटाने येतं. पोफळींच्या पहिल्या रांगेशी पाटाला एक तोंड आहे, ते मातीच्या ढेकळाने आणि झावळीच्या तुकड्याने बंद असतं. ढेकूळ पायाने बाजूला केलं की पाणी आधी थबकतं, मग कडेची सुकी पानं उचलत वळतं आणि आळ्यात शिरतं. व्हाळ आहे तिथंच वाहत राहतो, आपण त्याचा एक धागा काढून घेतो. ‘डिराइव्ह’ वापरताना हा पाट डोळ्यांसमोर ठेवा. कुणीतरी किंवा काहीतरी मूळ साठ्यातून काढून घेतलेलं असलं पाहिजे : शब्दावरून शब्द, सूत्रावरून सूत्र, बागेपासून उत्पन्न, वाचनापासून आनंद. बटाटा, पाव, चावी हे सगळे शब्द पोर्तुगीजमधून ‘डिराइव्ह’ झालेले. माणूस फोंड्याहून ‘डिराइव्ह’ होत नाही. आणि ‘डिराइव्ह्ड बाय’ असं लिहिलं तर ते काढणाऱ्याचं नाव होतं, उगमाचं नाही.

नदीसाठी इंग्रजीत ‘राइज’ हा सुंदर शब्द आहे आणि आपली मुलं तो कधीच वापरत नाहीत. म्हादई कर्नाटकात खानापूर तालुक्यात उगम पावते, सत्तरीतून गोव्यात शिरते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. ‘द म्हादई राइजेस इन खानापूर तालुका.’ ‘ओरिजिनेट्स’ चुकीचं नाही, पण ‘राइजेस’ वाचताना पाणी वर येताना दिसतं.

आता ‘तून’. याचा अर्थ आतून बाहेर, आणि इथं इंग्रजीची तिजोरी भरलेली आहे. जे लपलेलं होतं ते दिसू लागलं तर ‘इमर्ज’. लॅटिनमध्ये ‘मर्जेरे’ म्हणजे बुडवणे, त्याच्या उलट हे. दूधसागरजवळ बोगद्याच्या काळोखातून गाडीचं इंजिन बाहेर येतं ते ‘इमर्जेस’. चौकशीतून खरी गोष्ट बाहेर आली तर तीही ‘इमर्ज्ड’. आधीचा काळोख नसेल तर हा शब्द वापरू नका. घरातून बाजाराला निघालेला माणूस ‘इमर्ज’ होत नाही, फक्त निघतो.

एप्रिलमध्ये वळणावरून जाताना भट्टी दिसण्याआधी काजूच्या रसाचा वास येतो. त्याला ‘इमॅनेट’. वास, उजेड, माणसाच्या अंगचं तेज : ज्याला हातात धरता येत नाही आणि जे सगळीकडे पसरतं, त्याच्यासाठी हा शब्द. कागद, हुकूम, दाखला कचेरीतून बाहेर पडतो तेव्हा ‘इश्यू’. जुन्या वळणाच्या इंग्रजीत धूर आणि रक्तही ‘इश्यू’ होतं. ‘स्प्रिंग’मध्ये झरीचा जोर आहे : जमीन फोडून, आपसूक. मनातून आलेली माया, अचानक सुचलेली कल्पना यांना तो शोभतो. फाइलमधल्या मजकुराला शोभत नाही.

‘मुळे’ दिसलं की ‘स्टेम फ्रॉम’ आणि ‘अराइज’ यांतून निवडा. मुलं इथं सर्वांत जास्त गोंधळतात. ‘स्टेम’ म्हणजे बुंधा. कारण जुनं, खोल रुजलेलं असेल आणि परिणाम त्यावर वाढलेला असेल तर हा घ्या. ‘इंग्रजी बोलताना मी बिचकते ते लहानपणी सगळे मला हसल्यामुळे’, यात ‘स्टेम्स फ्रॉम’ अगदी चपखल. ‘अराइज’ला एवढं मूळ लागत नाही. प्रश्न, वाद, गैरसमज, अडचण ‘अराइज’ होते. जमिनीच्या करारात ‘या करारातून उद्भवणारे वाद’ असतं तिथं ‘अरायझिंग आउट ऑफ’ हेच ठरलेलं आहे, तिथं हौसेने दुसरा शब्द घालू नका. आणखी एक खबरदारी : ‘फ्रॉम’ न लावता नुसतं ‘स्टेम’ लिहिलं तर अर्थ उलटा होतो, प्रवाह अडवणे. तो वेगळाच शब्द आहे, नॉर्स भाषेतून आलेला.

गाव सोडून परदेशी जाण्याचे शब्द सोपे आहेत. कुठं उभं राहून बघता ते ठरवा. गोव्यातून बघितलं तर पोर्तुगालला गेलेला ‘एमिग्रंट’, लिस्बनमधून बघितलं तर तोच ‘इमिग्रंट’.

हीच उभं राहण्याची जागा शेवटी आमच्या बोर्डालाही लागू पडली. काका आणि मी देवळाच्या पायरीवर बसून एकेक शब्द लावून बघितला. ‘केम’ म्हटलं तर देवी स्वतः चालत आली असं वाटतं. श्रद्धेने ते खरं आहे, पण त्या वाक्यात आणणारी माणसं नाहीशी होतात. 1560 च्या सुमारास कुठ्ठाळीचा मंगेश झुआरी नदी ओलांडून प्रियोळला नेला गेला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. देवळं मोडली जात होती, आणि झुआरीच्या अलीकडचा हा फोंड्याचा मुलूख तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. ‘शिफ्टेड’ मी सुचवला. काकांनी मान हलवली. कपाट शिफ्ट करतात, म्हणाले. ‘मूव्ह्ड’ बरा होता, पण कोरडा. ‘कॅरिड’मध्ये खांदे दिसतात, ओझं दिसतं, म्हणून तो आम्हां दोघांनाही आवडला. मग प्रश्न ‘टेकन’ की ‘ब्रॉट’ असा आला. काका उठून बोर्डासमोर उभे राहिले आणि पायाखालच्या फरशीकडे बोट दाखवलं. हाच बोर्ड मूळ जागी लावायचा असता तर ‘टेकन’. तो इथं लागणार होता.

‘डिव्होटीज कॅरिड द डेइटी अक्रॉस द रिव्हर अँड ब्रॉट हर हिअर.’ पेंटरने दुपारी पहिला हात दिला.