ॲम्प्लिफायरच्या पॅनेलवरची पुसलेली अक्षरं परत कशी छापावीत

सगळ्यात आधी हातातली थिनरची बाटली खाली ठेवा. बेळगावात जुना सेट कुणालाही दाखवला की "थिनर मारा की वो, लख्ख होतंय बघा" हा सल्ला फुकट मिळतो. लख्ख होतं हे खरं, पण मळाबरोबर उरलंसुरलं 'व्हॉल्यूम'ही निघून जातं. नेलपॉलिश रिमूव्हर, टूथपेस्ट, काच पुसायचं अमोनियावालं पाणी, हे सगळं त्याच माळेतलं. कोमट पाणी, भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब आणि घट्ट पिळलेलं सुती कापड पुरे. त्यानं जे निघत नाही ते राहू द्या.

आणि पुसायच्याही आधी स्कॅन करा. गेलेल्या अक्षराची पुसट सावली बऱ्याचदा मळातच टिकलेली असते, ती गेली की जागा कळायचा पुरावा गेला. पॅनेल साधारण ४३ सेंटिमीटर लांब असतं, म्हणजे ए-फोर स्कॅनरवर दोन तुकड्यांत, ६०० डीपीआयला. मोबाइलचा फोटो चालत नाही, कडा वाकतात.

आता अक्षरावरून नख फिरवा. अडकलं तर अक्षर कोरीव आहे आणि तुमचं काम सोपं आहे. खोबणीत टूथपिकनं ऑइल पेंट भरा, जाड लग्नपत्रिकेच्या कडेनं वरचा निपटून घ्या, थोडा आवळू द्या. मग लाकडी ठोकळ्यावर ताणलेल्या कापडाला टर्पेंटाइन नावापुरतं लावून तिरकं पुसा. बोटावर कापड गुंडाळून पुसू नका, बोट खोबणीत शिरतं आणि भरलेला रंग उचलून आणतं.

मर्फी, बुश, फिलिप्सच्या व्हॉल्व्ह रेडिओंच्या काचेवरची स्टेशनांची नावं बहुधा आतल्या बाजूनं छापलेली असतात. तिथं फक्त कोरडा मऊ ब्रश. ओलं कापड लावलंत तर अख्खं स्टेशन कापडावर येईल.

नख अडकलं नाही तर अक्षर छापील. गल्फहून किंवा गोव्याच्या पाहुण्यांमार्फत आलेले सान्सुई, पायोनियर घ्या, नाहीतर गणपती मंडळाचा आहुजा, बहुतेक ठिकाणी हाच प्रकार. स्टिकर लावायचा विचारही करू नका. पाण्यातून सरकवायचं डिकल, म्हणजे पातळ फिल्मवर छापलेलं अक्षर, अनेक जण सुचवतात, पण ब्रश-फिनिश, म्हणजे बारीक रेघांच्या पोताच्या ॲल्युमिनियमवर त्याच्या फिल्मची कड उजेडात चमकते, आणि साध्या लेझर प्रिंटरला पांढरा रंग नसतो, मग काळ्या पॅनेलचं काय करणार? स्क्रीन प्रिंटिंगच करा, म्हणजे चौकटीत ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापायचं.

अक्षरं कॉम्प्युटरवर जुळवताना एरियल फॉन्टवर भागवू नका. त्या काळच्या पॅनेलांवर हेल्वेटिका किंवा मायक्रोग्रामाच्या घराण्यातली अक्षरं खूप दिसतात. एरियलच्या 'आर'चा पाय तिरका जातो, हेल्वेटिकाचा सरळ खाली उतरतो, आणि शेजारी मूळ शब्द असला की हा फरक लपत नाही. त्याहून बरं म्हणजे अक्षर त्याच पॅनेलवरून उचलायचं. 'बॅलन्स'चे 'बी' आणि 'ए' गेले असतील तर 'बास'मधून घ्या. प्रिंट काढून पॅनेलवर ठेवा, स्टीलच्या पट्टीनं मोजा. अर्धा मिलिमीटर फरक असला तरी परत काढा.

स्क्रीन बनवणारे लग्नपत्रिकावाले कुठल्याही गल्लीत भेटतील. लग्नसराईत मात्र ते तुमच्याकडे बघणारही नाहीत. पितृपक्षात जा, लग्नं नसतात आणि पाऊसही ओसरत आलेला असतो. पत्रिकेची शाई धातूवर धरत नाही, नखानं सुटते. धातूवरची दोन भागांची, हार्डनर मिसळायची शाई लागते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या, मशिनांच्या नेमप्लेट छापणाऱ्याकडे तिची चौकशी करा. हार्डनर डब्यावर लिहिल्याप्रमाणे वजन करून घाला, अंदाजानं नाही.

खरी गोम पुढे आहे: अक्षर नेमक्या जागी बसवणं. मला सगळ्यात जास्त इथंच झगडावं लागलं. छापणारा म्हणेल, "नजरेनं लावतो की, पत्रिका रोज लावतोय." पत्रिका चुकली तर दुसरी घेता येते. इथं पॅनेल एकच, आणि चुकलेली ओली शाई पुसायला गेलात तर तेच थिनर शेजारच्या जुन्या अक्षरांना खातं. म्हणून पहिला हात पॅनेलवर मारूच द्यायचा नाही.

टेबलावर पारदर्शक पॉलिस्टर शीट एका कडेनं टेपनं चिकटवा, वहीच्या पानासारखी उघडमिट होईल अशी. स्क्रीन खाली आणून त्या शीटवर छापा. आता अक्षर नेमकं कुठं पडतं ते शीटवर दिसतंय. स्क्रीन उचला, शीटखाली पॅनेल सरकवा आणि छापलेलं अक्षर जुन्या खुणेवर, नॉबच्या भोकाच्या मध्याशी, शेजारच्या शब्दाच्या ओळीत येईपर्यंत हलवत राहा. वरून, एक डोळा मिटून बघा. तिरकं पाहिलं तर फसाल. जुळलं की पॅनेलच्या दोन कडांना पुठ्ठ्याचे ठोकळे पक्के चिकटवा, शीट मागे उलटा, आणि मगच पॅनेलवर छापा.

त्याआधी नॉब, नट, हेडफोनचा सॉकेट, सगळं काढलेलं हवं, पॅनेल सपाट बसलंच पाहिजे. भोवती तेवढ्याच जाडीचा प्लायवूड लावा, नाहीतर कडेला स्क्वीजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, खाली घसरते आणि शाई फासते. स्क्रीन दोन-तीन मिलिमीटर वर राहू द्या. हवे ते शब्द सोडून बाकी जाळीला टेप. स्क्वीजी एकदाच ओढायची. "अजून एक हात मारूया" म्हणणाऱ्याचा हात धरा.

कोरा पांढरा वापरू नका. जुना पांढरा पिवळसर झालेला असतो. शाईत पिवळा आणि तपकिरी कणभर घालून दिवसाच्या उजेडात जुळवा, ट्यूबलाइटखाली नाही. जी अक्षरं शाबूत आहेत त्यांना हात लावायचा नाही. सगळं पॅनेल खरवडून नवं छापणाऱ्यांशी माझं कधीच जमलं नाही.

शाई हाताला लवकर कोरडी लागते, पण आठवडाभर नॉब लावू नका. वरून क्लिअर लॅकर तर नकोच. ब्रश-फिनिशचा मूळ पोत झाकला जातो, आणि बेळगावजवळच्या खानापूरकडच्या पावसाळी हवेत लॅकर सुकता सुकताच दुधाळ होतं. नॉब बसवताना तो पॅनेलला टेकत नाही ना, कागदाचा कपटा मधून फिरवून बघा.