व्हायकिंगांच्या पटावरच्या खेळासाठी नवे नियम कसे काढायचे

हनेफाताफ्ल म्हणजे बुद्धिबळ युरोपच्या उत्तरेला रुळायच्या आधी तिकडे खेळला जाणारा खेळ. मधोमध राजा, त्याच्याभोवती थोडे राखणदार आणि चारही कडांना त्यांच्या दुप्पट हल्लेखोर. राजाला निसटायचंय, हल्लेखोरांना त्याला कोंडायचंय. दोन्ही बाजू सारख्या नाहीत, आपल्या वाघ-बकरीत नसतात तशाच. जुने पट सापडलेत, सोंगट्या सापडल्यात, पण त्या काळातले पूर्ण नियम लिहिलेले कुठेच मिळालेले नाहीत. म्हणजे आज जगभर जे खेळतात ते सगळे नियम नंतर कुणीतरी जुळवलेले आहेत, त्यामुळे तुम्ही तुमचे काढलेत तर काहीच बिघडत नाही, फक्त ते नीट पारखून घ्या.

पहिली पायरी : एक मूळ खेळ पक्का करा

हवेत नियम बनवू नका, आधी एक खेळ धरा. मी टाब्लूट सुचवेन, हनेफाताफ्लचाच एक लहान प्रकार. १७३२ मध्ये लिनियस, तोच तो वनस्पतींना लॅटिन नावं देणारा, लॅपलंडमध्ये, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या उत्तरेला, फिरत होता तेव्हा त्याने तिथल्या सामी लोकांना हा खेळताना पाहिला आणि डायरीत नियम टिपून ठेवले, आपल्याकडे मिळणारी सगळ्यात सविस्तर नोंद हीच. ९ बाय ९ चा पट, १६ हल्लेखोर, ८ राखणदार आणि राजा. सगळ्या सोंगट्या बुद्धिबळातल्या हत्तीसारख्या सरळ चालतात, मधे कुणी आडवं नसेल तर कितीही घरं. शत्रूला दोन बाजूंनी चेपलं की तो मेला. राजा कुठल्याही कडेला पोचला की जिंकला. पुठ्ठ्यावर चौकटी आखा, दोन रंगांची बटणं घ्या, झाला पट तयार.

आधी या मूळ नियमांनीच भरपूर डाव खेळा. ही पायरी लोक गाळतात आणि मग आपल्या नव्या नियमाने नेमकं काय बदललं तेच त्यांना सांगता येत नाही.

दुसरी पायरी : काय खटकतं ते लिहा

"अजून मजा यावी" हे कारण पुरेसं नाही. राजाच सारखा जिंकतो का? डाव रटाळ होतो का? एकच चाल पुन्हा पुन्हा मागेपुढे होते का? एक वाक्य लिहा आणि त्यावरच काम करा.

तिसरी पायरी : एका वेळी एकच नियम बदला

सगळा खेळ इथेच आहे. राजाचंच बघा. लिनियसच्या नियमात राजा सिंहासनावर, म्हणजे पटाच्या मधल्या घरात, असेल तर चार बाजूंनी घेरावा लागतो, सिंहासनाला लागून असेल तर तीन बाजूंनी, आणि लांब गेला की साध्या सोंगटीसारखा दोघांतच मरतो. १८११ मध्ये त्या डायरीचं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं त्यात हा भाग चुकला, राजा सगळीकडेच चौघांशिवाय मरेना, आणि पुढे कित्येक वर्षं लोक तसंच खेळत राहिले. एवढ्या एका बदलाने राजा इतका वरचढ झाला की हल्लेखोरांची बाजू घ्यायची म्हणजे शिक्षाच. मग तोल सावरायला कुणी राजाला कडेऐवजी फक्त कोपऱ्यातून सुटायची परवानगी दिली, म्हणजे एका नियमाचं औषध म्हणून दुसरा नियम आला.

हात घालण्यासारख्या जागा अशा: राजा किती जणांनी मरतो, कडेने सुटतो की कोपऱ्याने, राजा स्वतः मारू शकतो का, रिकाम्या सिंहासनावरून इतरांना जाता येतं का. मला राजाची चाल बदलायला फार आवडतं, त्याला एका वेळी एकदोनच घरं चालू द्या, लगेच राखणदारांना खरं काम मिळतं.

चौथी पायरी : स्वतःचा नियम मोडून बघा

याच खेळाच्या मोठ्या, ११ बाय ११ च्या पटावर २४ हल्लेखोर असतात. समजा तुम्ही ठरवलंत की राजा कोपऱ्यातूनच सुटेल. आता एका कोपऱ्यासमोर तीन हल्लेखोर तिरके लावा: एका कडेवर कोपरा धरून तिसरं घर, दुसऱ्या कडेवर तसंच तिसरं घर आणि त्या दोघांच्या मधलं तिरकं घर. यातला एकही मारता येत नाही, कारण त्याला चेपायला ज्या आतल्या घरात जावं लागतं तिथे पोचायची वाट याच तिघांनी अडवलेली असते. चार कोपऱ्यांना १२ सोंगट्या लागल्या, उरलेल्या १२ मोकळ्या, राजा आयुष्यभर आतच! कोपनहेगन नावाने जे नियम खेळले जातात त्यात हल्लेखोरांनी राजासकट सगळ्यांना पूर्ण वेढलं तर तेच जिंकतात, पण राजाला कडेला लागून अभेद्य किल्ला बांधून जिंकायची सोयही ठेवलीय. तुमच्या नियमातही अशी भिंत उभी राहते का ते मुद्दाम शोधा, आणि खवचट डोक्याचा मित्र असेल तर त्याच्याकडेच द्या.

पाचवी पायरी : बाजू बदलून खेळा

दोघांनी एकेकदा राजा घ्यायचा, दोघेही निसटले तर कमी चालीत सुटला तो जिंकला. असं केलं की नियम थोडा एकतर्फी असला तरी स्पर्धा बरोबरीची राहते. कोण जिंकलं, किती चाली लागल्या हे वहीत लिहा. सारख्या तोडीचे लोक खेळतायत आणि तरी एकच बाजू सतत जिंकतेय, तर पुन्हा तिसऱ्या पायरीवर या, पण नवीन नियम चिकटवण्याआधी जुना काढून बघा.

सहावी पायरी : कागदावर उतरवा

शेवटी सगळं एका पानात लिहा. पहिली चाल कुणाची, तीच स्थिती तिसऱ्यांदा आली तर काय, चाल उरलीच नाही तर कोण हरला, दोन शत्रूंच्या मधे स्वतःहून गेलं तर मरतो का (बहुतेक ठिकाणी मरत नाही), हे सगळं हवं. मग हा खेळ कधीच न पाहिलेल्या दोघांना ते पान द्या आणि शेजारी गप्प बसा, ते जिथे अडकून तुमच्याकडे बघतील तिथे एक वाक्य वाढवायचं.