दसऱ्याआधी बुलेटची कव्हरं चमकवायची तर

जुन्या कास्ट आयर्न इंजिनच्या बुलेटची कव्हरं घरी चमकवायची तर दोन रविवार मोकळे ठेवा. खंडेनवमीच्या रात्री बसलात तर पूजेला गाडी उघडीनागडी राहील.

आधी धातू ओळखा. इंजिनची कव्हरं अॅल्युमिनियमची, ती घासता येतात. मडगार्ड, सायलेन्सरला क्रोम केलेलं असतं. त्या पातळ थराला वॉटर पेपर (पाण्यात भिजवून घासायचा पॉलिश पेपर) लावलात की गंजाला आमंत्रण. तिथे स्वयंपाकघरातल्या ओल्या फॉइलचा बोळा हलक्या हाताने फिरवा, बस.

डावीकडचं चेनकेसचं कव्हर मधल्या एकाच मोठ्या नटावर असतं, पण आधी फूटरेस्ट आणि ब्रेक पेडल काढावं लागतं. खाली ट्रे हवा, आत ऑईल असतं. नवं रबर सील आणून ठेवा. जुनं फुगलेलं खाचेत परत बसत नाही. उजवीकडचं टायमिंग कव्हर गाडीवरच घासा, त्यात ऑईल पंप आहेत, त्या भानगडीत पडू नका.

तेलकट मळ काढायला डिझेल, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश. वरचं लॅकर (पारदर्शक थर) काढायला पेंट रिमूव्हर आणि रबरी हातमोजे. कॉस्टिक सोडा अजिबात नको, अॅल्युमिनियम खातो. चिंच आणि पितांबरी देवघरातच राहू द्या.

खरं काम वॉटर पेपरचं: 400, 600, 800, 1000, 1500, 2000, प्रत्येकी दोन. नंबर वाढला की पेपर बारीक. एका नंबरने आडवं घासलं तर पुढच्याने उभं, म्हणजे आधीचे ओरखडे राहिलेत का ते कळतं. नंबर बदलला की बादलीतलं पाणीही बदला, जाड पेपरचा एक कण सगळ्यावर पाणी फिरवतो. ओलं कव्हर नेहमीच छान दिसतं. पुसून उन्हात तिरकं धरा. मी एकदा कंटाळून 400 वरून थेट 1000 वर गेलो. पॉलिशनंतर चकाकी आली आणि तिच्यात मांजराने ओरबाडल्यासारख्या रेघाही. पुन्हा 400 पासून! सीलची कड मात्र घासू नका, तेल गळेल.

मग पॉलिश: ड्रिलला सुती बफ (कापडी चाक), पॉलिशची वडी, गॉगल, मास्क. सैल बाही किंवा सुती हातमोजे नकोत, बफ ओढून घेतो. जुने बनियन भरपूर लागतील, कारण काळं निघतच राहतं. कोपऱ्यांतलं चिकट काळं चिमूटभर मैदा टाकून पुसा.

झेंडूचा हार हँडलला घाला. कव्हरवर हळदकुंकू लावलंच, तर संध्याकाळी पुसून टाका.