अपंगत्व पेन्शन नाकारल्यावर अपील करताना या चुका टाळा

निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्डाने आजार नोंदवला, परंतु तो लष्करी सेवेमुळे उद्भवला नाही किंवा बळावलाही नाही असा शेरा मारल्याने पेन्शन नाकारली गेली, तर अनेक माजी सैनिक अपिलात आपली सेवा, पदके आणि घरची ओढाताण लिहितात. ती सारी खरी असते. तरीही अपील ऐकणाऱ्या समितीला त्या शेऱ्याचा फेरविचार करायचा असतो आणि त्याला उत्तर देणारे एकही वाक्य अर्जात नसते. इतक्या वर्षांची सेवा अशा अर्जामुळे वाया जाताना पाहणे फार क्लेशदायक आहे.

म्हणून आधी बोर्डाच्या कार्यवाहीची पूर्ण प्रत सेवानोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडून, न मिळाल्यास माहितीच्या अधिकारात, मागवावी. आजार प्रथम केव्हा आढळला, तेव्हा नेमणूक कोठे होती आणि बोर्डाने कोणते कारण दिले, हे तीत पाहावे. हे कारण अनेकदा ‘शांतता क्षेत्रात उद्भव’, म्हणजे युद्ध वा सीमेपासून दूरच्या नेमणुकीत आजार सुरू झाला, एवढेच असते. धरमवीर सिंह प्रकरणात 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर सैनिक तेव्हा निरोगी होता असे गृहीत धरावे, आजाराचा सेवेशी संबंध सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर नसतो, आणि भरतीच्या तपासणीत तो आढळणे शक्य नव्हते असे बोर्डाचे मत असेल तर त्याची कारणे नोंदवावी लागतात. मात्र हा निकाल अशा पेन्शनच्या पात्रतेच्या 1982 च्या नियमांवरचा आहे. 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम लागू झाल्याने त्यानंतर सेवेतून बाहेर पडलेल्यांनी जुना अर्ज जसाच्या तसा उतरवू नये.

अपंगत्व पेन्शनसाठी लागणाऱ्या किमान 20 टक्क्यांपेक्षा कमी ठरवले असेल, तर टक्केवारीला स्वतंत्र आव्हान द्यावे आणि त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांचे कागद जोडावेत.

पहिल्या अपिलासाठी नकार कळल्यापासून सहा महिने मिळतात, दुसऱ्यासाठीही तितकेच. त्यानंतर महाराष्ट्र व गोव्यातील सैनिकांना सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येते. मुदत उलटली म्हणून हक्क सोडू नये, पण तरसेम सिंह प्रकरणातील 2008 च्या निकालानुसार उशिरा आलेल्यांना थकबाकी साधारणतः मागील तीन वर्षांपुरतीच मिळते.

न्यायाधिकरणापुढे केवळ पेन्शन मागून थांबणे हीही चूकच आहे. राम अवतार प्रकरणातील 2014 च्या निकालामुळे सेवाकाळ पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही टक्केवारी वरच्या टप्प्यात नेण्याचा लाभ मिळू शकतो, म्हणजे 20 टक्के अपंगत्व 50 टक्के धरले जाते. ही मागणी अर्जात वेगळ्या परिच्छेदात लिहावी.